यंत्राची चूक, माणसाला भुर्दंड



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी उमेदीची सगळी वर्षे कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात घालवली. यंत्रात बोटे गेलेल्या, हात गेलेल्या माणसांचे भरपाईचे दावे ते चालवत. यंदा कृत्रिम बुद्धिमत्ता, नीती आणि सरकार या विषयावर बोलावे असे आयोजकांनी सुचवले, तेव्हा मला आधी ती प्रकरणेच आठवली. या नव्या विषयाच्या मुळाशीही तोच जुना प्रश्न आहे. यंत्रामुळे एखाद्याचे नुकसान झाले, तर ते कोणी भरून द्यायचे? एआयने नीतीला धरून चालावे असे वाटत असेल, तर त्याच्या चुकीचा खर्च ते बनवणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या हिशेबात आला पाहिजे. तो तिथे आणणे हे सरकारचे पहिले काम आहे, आणि सरकारच ते यंत्र वापरत असेल तेव्हा तर त्याला यातून सुटकाच नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करतो.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या वीस वर्षांत शहराच्या आकाशात धुराड्यांची गर्दी झाली. सात-आठ वर्षांची मुले तिथे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. याला कायद्याने आळा घालावा, अशी मागणी सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या माणसांनी मुंबईत केली, लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी इंग्लंडच्या पार्लमेंटात केली. दोघांची कळकळ खरी होती. पण पार्लमेंटात या मागणीला वजन मिळाले ते लँकेशायरच्या गिरणीमालकांमुळे. त्यांच्या गिरण्यांना कामाच्या तासांचे कायदे लागू होते, मुंबईच्या गिरण्यांना नव्हते. मुंबईचे सूत त्यांना महागात पडू लागले होते. मुंबईतल्या मुलांची काळजी त्यांच्या व्यापाराच्या सोयीची होती. १८८१ चा कारखाने कायदा झाला, त्यात या सोयीचा मोठा वाटा होता.

कायदा वाईट नव्हता. सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेण्यास बंदी आली, सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा आली, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालणे आले. ज्यांनी रेटा लावला त्यांचा स्वार्थ होता म्हणून त्या मुलांना मिळालेला दिलासा खोटा ठरत नाही. पुढे मला या मुद्द्याकडे परत यायचे आहे.

तीन वर्षांनी, १८८४ च्या सप्टेंबरमध्ये, परळला गिरणी कामगारांची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे हे तिचे पुढारी होते. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवण्यासाठी त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरलेले तास, वेळेवर पगार या त्यातल्या मागण्या आपण शाळेत वाचलेल्या असतात. त्याच अर्जातली आणखी एक मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही. कामावर असताना गंभीर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्मभरासाठी अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी.

रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, पुढच्या वर्षी ती कायद्यात आली. इजेची भरपाई कायद्यात यायला १९२३ साल उजाडले. लोखंडे तोवर हयात नव्हते. १८९७ च्या प्लेगात ते गेले. मागणीपासून कायद्यापर्यंत ३९ वर्षे लागली. इतका उशीर का झाला असावा? मला दिसणारे कारण साधे आहे. कामाचे तास कमी होण्यात लँकेशायरचा फायदा होता. मुंबईच्या कामगाराला त्याच्या तुटलेल्या हाताचे पैसे मिळण्यात कोणत्याही पैसेवाल्याचा फायदा नव्हता.

१९२३ च्या कायद्याने नेमके काय बदलले हे नीट पाहिले पाहिजे. त्याआधी १८५५ पासून प्राणांतिक अपघाताचा एक कायदा होता, पण त्यात मालकाचा निष्काळजीपणा मृताच्या वारसांना कोर्टात सिद्ध करावा लागे. गिरणी मालकाची, यंत्र मालकाचे, साक्षीदार मालकाच्या पगारावर. हे सिद्ध कसे करणार? नव्या कायद्याने तो भार बहुतांशी काढून टाकला. काम करताना इजा झाली ना, मग भरपाई. त्या दिवसापासून यंत्राभोवतीच्या जाळीचा खर्च आणि हाताची भरपाई हे दोन आकडे मालकाच्या एकाच वहीत आले. मग जाळी बसवा म्हणून त्याला नीतीचे व्याख्यान देण्याची गरज फारशी उरली नाही.

आता आजच्या यंत्राकडे येऊ.

एआय बनवणाऱ्या कंपन्यांनी नीतीची वचने दिली नाहीत असे नाही, भरपूर दिली. गुगलच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या ‘प्रोजेक्ट मेव्हन’ या एआय प्रकल्पाला विरोध केला, तेव्हा २०१८ च्या जूनमध्ये कंपनीने आपली तत्त्वे जाहीर केली. शस्त्रांसाठी आणि आंतरराष्ट्रीय संकेत मोडणाऱ्या पाळतीसाठी आपण एआय बनवणार नाही, असे त्यांत लिहिले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ती वाक्ये त्या पानावरून निघाली. ओपनएआय २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली. प्रचंड संगणकशक्तीसाठी पैसा लागतो म्हणून २०१९ मध्ये तिने आपल्या पोटात एक कंपनी काढली आणि पहिल्या गुंतवणूकदारांच्या परताव्याला शंभर पटींची मर्यादा घातली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ना-नफा संस्थेच्या संचालकांनी मुख्याधिकारी सॅम ऑल्टमन यांना दूर केले. पाच दिवसांत ते परत आले आणि त्यांना काढणाऱ्या बहुतेक संचालकांना मंडळ सोडावे लागले. मायक्रोसॉफ्टची गुंतवणूक, कर्मचाऱ्यांच्या भागविक्रीचा तोंडावर आलेला व्यवहार, या सगळ्याच्या ओझ्यापुढे संस्थेची घटना टिकली नाही.

या कंपन्यांतली माणसे लबाड आहेत असे मी म्हणत नाही. त्यांतल्या अनेकांना धोक्याची जाणीव बाहेरच्यांपेक्षा जास्त आहे. पण प्रतिस्पर्धी पुढच्या महिन्यात नवे मॉडेल आणणार असेल, तर आपण चार महिने चाचणीत घालवायचे की नाही, हा निर्णय एकट्या सद्हेतूवर सोडता येत नाही. चाचणीचा खर्च कंपनीला आज दिसतो. चाचणी न केल्याचा खर्च भलत्याच कोणाच्या तरी घरी जातो.

म्हणूनच मे २०२३ मध्ये ऑल्टमन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे शक्तिशाली एआयसाठी परवाना पद्धत आणावी असे सुचवले, तेव्हा मला लँकेशायर आठवले. परवाना आला की आधीपासून आत असलेल्यांचे फावते, बाहेरच्यांना दार अरुंद होते. तेवढ्यासाठी ती सूचना फेटाळू नये. १८८१ चा कायदा आपण फेटाळला असता का? पाहायचे ते हे की, बलवानांच्या मागण्यांच्या यादीत कोणती गोष्ट कधीच येत नाही. लोखंडे यांच्या अर्जातले इजेच्या भरपाईचे ते कलम आजही त्या यादीत नाही.

युरोपात हेच घडताना दिसते. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला. बंदी घातलेल्या वापरासाठी साडेतीन कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ७ टक्के, यांतली मोठी रक्कम इतका दंड त्यात आहे. हे मोठे पाऊल आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण दंड सरकारजमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागणे सोपे व्हावे म्हणून एआयच्या दायित्वाचा वेगळा मसुदा २०२२ मध्ये मांडला गेला होता. तो मागे घेत असल्याचे युरोपीय आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. सदोष मालाच्या दायित्वाचा जो जुना नियम होता, त्यात २०२४ मध्ये सुधारणा होऊन सॉफ्टवेअरलाही ‘माल’ मानले गेले, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

आतापर्यंत मी कंपन्यांविषयी बोललो. आता सरकारविषयी बोलतो, आणि इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे. सर्वांत गरीब माणसाची या यंत्राशी गाठ सरकारी योजनेत पडते.

एक हिशेब मांडू. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. एका जिल्ह्यात निराधार पेन्शनचे एक लाख लाभार्थी आहेत आणि पेन्शन दरमहा १,५०० रुपये आहे. समजा त्यांत खरोखर अपात्र असलेले १ टक्का, म्हणजे एक हजार आहेत. त्यांना शोधायला एक यंत्र आणले. यंत्र चांगले आहे : शंभर अपात्रांपैकी नव्वद पकडते आणि शंभर पात्रांपैकी फक्त पाचांवर चुकून संशय घेते. विकणारा सांगेल, उत्तम अचूकता. आता मोजा. अपात्र सापडले ९००. पात्र असून संशयित ठरले ९९,००० चे ५ टक्के, म्हणजे ४,९५०. एकूण संशयित ५,८५०, आणि त्यांतल्या दर सहांपैकी पाच माणसे निर्दोष. अपात्र माणसे मुळातच थोडी असली की चांगल्या यंत्राचेही असेच होते.

या ५,८५० जणांच्या घरी तलाठी किंवा ग्रामसेवक पाठवून खातरजमा करायची, तर माणशी ५०० रुपये धरून सव्वाएकोणतीस लाख रुपये लागतील. खातरजमा न करता सगळ्यांची पेन्शन थांबवली तर पहिल्याच महिन्यात पावणेअठ्ठ्याऐंशी लाख रुपये वाचतील. ज्या अधिकाऱ्याला ‘किती बोगस लाभार्थी वगळले, किती बचत केली’ असे विचारले जाते, त्याच्या दृष्टीने ४,९५० निर्दोष माणसांची चूक ही चूकच नाही. ती बचत आहे, त्याच्या अहवालात ती यशाच्या रकान्यात जाते. संशयितांची संख्या कमी करण्यासाठी यंत्र सुधारायला तो कशाला सांगेल? आणि विक्रेता ते न सांगता कशाला सुधारेल?

आता एकच गोष्ट बदलू. चुकीने पेन्शन थांबलेल्या प्रत्येकाला थांबलेली रक्कम आणि तेवढीच भरपाई द्यावी लागेल, असा नियम केला. मग त्या पहिल्या महिन्याचे देणे होते १ कोटी ४८ लाख ५० हजार. वाचलेले पावणेअठ्ठ्याऐंशी लाख वजा केले तरी साठ लाखांहून जास्त तोटा. उलट सव्वाएकोणतीस लाख खर्चून आधी घरोघर जाऊन पाहिले, तर खऱ्या अपात्रांवरचे महिन्याचे साडेतेरा लाख वाचतात आणि सव्वादोन महिन्यांत खर्च निघतो. यंत्र तेच, अधिकारी तोच. पण आता तलाठ्याला म्हातारीच्या दारात पाठवणे सरकारच्याच फायद्याचे झाले.

हे कागदावरचे गणित ऑस्ट्रेलियाने खऱ्या माणसांवर करून पाहिले. तिथल्या योजनेला लोकांनी ‘रोबोडेट’ म्हटले. बेकारी भत्ता घेणाऱ्यांचे वर्षाचे उत्पन्न प्राप्तिकर खात्याकडून घ्यायचे, त्याला २६ ने भागून दर पंधरवड्याचे सरासरी उत्पन्न काढायचे, आणि माणसाने सांगितलेल्या उत्पन्नाशी ते जुळले नाही तर त्याच्या नावावर कर्ज टाकायचे. चार महिने काम आणि आठ महिने बेकारी, अशा हंगामी मजुराला हा भागाकार बरोबर लबाड ठरवतो. पूर्वी अशा फरकांची तपासणी कर्मचारी करत. ती काढून टाकली गेली. आपण देणे लागत नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर आला. काही वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या आणा! परळच्या कामगाराच्या विधवेला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायला सांगणारे ते १८५५ चे जग पुन्हा उभे राहिले. यात एआय म्हणावे असे काही नव्हते हेही सांगितले पाहिजे. साधा भागाकार होता. नुकसान करायला यंत्र फार हुशार असावे लागत नाही. त्याच्या मागे बचतीचे उद्दिष्ट असले की पुरते.

योजना २०१५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली ती बचतीच्या अपेक्षेने. चार लाखांहून अधिक लोकांवर बेकायदा कर्ज लादले गेले. काहींनी आत्महत्या केल्या. त्यांच्या आयांनी चौकशी आयोगापुढे येऊन साक्ष दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका तरुणीच्या दाव्यात सरकारला कोर्टात ही पद्धत बेकायदा असल्याचे मान्य करावे लागले. पुढच्या मे महिन्यात ७२ कोटी डॉलर परत करण्याची घोषणा झाली. कॅथरीन होम्स यांच्या आयोगाने जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला आणि त्यात मंत्र्यांची, सचिवांची नावे घेऊन कोणी काय दडवले ते लिहिले. हे बिल सरकारच्या नावावर फिरले खरे, पण चार वर्षे उशिरा आणि कोर्टात ओढल्यावर.

नेदरलँड्समध्ये कर खात्याने पाळणाघर अनुदानाच्या छाननीसाठी जोखीम ठरवणारे मॉडेल वापरले. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हा त्यातला एक निकष होता. एखादी सही राहिली, थोडी रक्कम कमी भरली, तरी वर्षाचे पूर्ण अनुदान परत मागितले जाई. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, संसार मोडले, हजाराहून अधिक मुलांना घरापासून दूर ठेवले गेले. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालात यामागची आर्थिक प्रेरणा दाखवली आहे : फसवणूक शोधण्याच्या या यंत्रणेला आपण खर्चापेक्षा जास्त वसूल करतो हे दाखवायचे होते, म्हणून जास्तीत जास्त वसुलीकडे तिचा कल होता, मग आरोप खरा असो वा नसो. त्या देशाने नंतर एक चांगली गोष्ट केली. तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२२ मध्ये सरकारी वापरातल्या नऊ अल्गोरिदमांची तपासणी करून निकाल छापला. नऊपैकी सहा मूलभूत कसोट्यांना उतरले नाहीत.

आपल्याकडे? शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ ही यंत्रणा वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या जोडून माणसाची पात्रता ठरवते. तिथे रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. आपल्या राज्यात लाडकी बहीण योजनेची छाननी २०२५ मध्ये अशाच याद्या ताडून झाली आणि लाखो नावांचा लाभ थांबला. अपात्राला वगळणे योग्यच आहे. पण त्या लाखांत चुकीने वगळलेली एखादी बाई असेल, तर तिला थकलेले हप्ते मिळवण्यासाठी किती खेटे घालावे लागतात आणि त्या खेट्यांची मजुरी कोण देतो, हा प्रश्न आजच सोडवला पाहिजे. महाराष्ट्र सरकार एआयचे मोठे गिऱ्हाईक होते आहे. पोलिसांसाठी नागपूरला ‘मार्वल’ कंपनी २०२४ मध्ये स्थापन झाली. शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण २०२५ मध्ये मंजूर झाले, त्याला पाचशे कोटींची तरतूद आहे.

केंद्राचा २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा पाहा. त्यात अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला एक रुपयाही नाही. इतकेच नव्हे, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३-अ, ज्याखाली नुकसान झालेल्या माणसाला कंपनीकडून भरपाई मागता येत होती, ते वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. सरकारच्या ज्या यंत्रणांना केंद्र अधिसूचनेने सूट देईल, त्यांना हा कायदा लागणार नाही. नागरिकाने आपली कर्तव्ये मोडली तर मात्र त्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने एआयसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आणली, त्यांचा सूर तूर्त वेगळा कायदा नको असा आहे. नव्या उद्योगाला श्वास घेऊ द्यावा हे मला पटते. जखमी माणसाच्या भरपाईचे कलम काढून टाकून तो श्वास मिळवू नये.

भरपाईची सक्ती केली तर पुण्या-नाशिकच्या छोट्या कंपन्या बुडतील, मोठ्याच उरतील, अशी एक शंका नेहमी घेतली जाते. शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर विम्याच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात वाफेचे बॉयलर फुटून माणसे मरत. १८६५ मध्ये मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ बोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी हार्टफर्डला बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. ती विमा उतरवण्याआधी आपला निरीक्षक पाठवी. बॉयलर ठीक नसेल तर विमा नाही. छोट्या कारखानदारालाही हप्ता परवडे, आणि आपला पैसा जाऊ नये म्हणून विमा कंपनी जी तपासणी करी, ती सरकारी फतव्यापेक्षा कसून होई. आपल्याकडे भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर वर्षभराने दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी धोकादायक उद्योगाचे दायित्व निरपवाद आहे असे ठरवले. त्या वाटेने १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. धोक्याच्या मालाला सक्तीचा विमा, आणि बळीला दोष सिद्ध न करता तातडीची मदत. पेन्शन, रेशन, कर्ज, नोकरी, अटक यांचा निर्णय करणाऱ्या एआयला हाच नियम लावावा. कविता लिहून देणाऱ्या ॲपला तो लावण्याचे कारण नाही.

कायद्याला वेळ लागतो. निविदेला लागत नाही, आणि सरकारच्या हातातले सर्वांत मोठे आर्थिक हत्यार तेच आहे. आज कार्यालयात ‘एल-वन’ म्हटले की विषय संपतो. सर्वांत कमी दराची निविदा. ज्या विक्रेत्याने चाचणीवर, मराठी बोली समजण्यावर, चुकीच्या तक्रारीची दाद घेणाऱ्या माणसांवर खर्च केला, त्याचा दर चढा असतो आणि तो बाद होतो. म्हणजे निष्काळजी विक्रेत्याला सरकार स्वतःच बक्षीस देते. निविदेतच लिहा की चुकीने वगळलेल्या माणसामागे इतकी रक्कम विक्रेत्याच्या बिलातून कापली जाईल आणि ती थेट त्या माणसाच्या खात्यात जाईल. लिहा की कारण मराठीत आणि लेखी दिल्याशिवाय कोणाचाही लाभ थांबणार नाही. मग प्रत्येक विक्रेता आपल्या यंत्राची चूक आधी मोजेल, आणि ज्याची चूक जास्त त्याचा दर आपोआप चढेल.

असे करता येते का? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते रस्त्यांच्या बाबतीत केले आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी आणि कंत्राटदार यांच्याकडून वसूल करायची. खड्डा बुजवण्याचा खर्च आणि न बुजवण्याचा खर्च न्यायालयाने एका वहीत आणले. रेशनच्या यादीतून नाव गळणे हाही घरासमोरचा खड्डाच आहे. महालेखापालांनी डच लेखापरीक्षकांसारखी सरकारी अल्गोरिदमांची तपासणी हाती घेतली, तर हा खर्च विधिमंडळाच्या पटलावरही येईल.

हे कोण मागणार, असे तुम्ही विचाराल. कंपन्या मागणार नाहीत. खाती मागणार नाहीत, कारण बिल त्यांच्या नावावर येणार आहे. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांनी ते मागितले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसावे. आपल्या शहरात वकील आहेत, निवृत्त कारकून आहेत, संगणक शिकणारी शेकडो मुले आहेत. पुढच्या वेळी महापालिका किंवा जिल्हा परिषद लाभार्थी छाननीचे, मालमत्ता कराचे किंवा चेहरा ओळखण्याचे यंत्र घेईल, तेव्हा माहिती अधिकारात निविदेची प्रत मागा. यंत्राने किती नावे वगळली, त्यांतली किती नंतर परत घ्यावी लागली आणि त्या लोकांना काय दिले, हे विचारा. अशी नोंदच ठेवलेली नाही असे उत्तर आले, तर ते उत्तर घेऊन सर्वसाधारण सभेत आपल्या नगरसेवकाला उभे करा आणि पुढच्या कंत्राटात ही नोंद व भरपाई या दोन्ही अटी घालून घ्या. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी अर्जाचा नमुना तयार करावा आणि दर महिन्याच्या एका रविवारी याच सभागृहात तो भरून देण्यासाठी बसावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.